कवळात गेलेले कोसे

आमच्या माजघरात एक तोड्याची बंदूक टांगलेली असायची. ती उडालेली माझ्या आजोबांनीसुद्धा पाहिली नव्हती. डुकरांसाठी दुसरी एक ठासणीची होती. तिला परवाना होता आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. ही मात्र वर्षभर खुंटीला. दसऱ्याला खाली उतरायची, कोयत्या-विळ्यांच्या रांगेत झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान घेऊन बसायची आणि दुसऱ्या दिवशी परत वर जायची.

तिची लोखंडी नळी आणि लाकडी दस्ता तीन पट्ट्यांनी एकत्र बांधलेले होते. पट्टे बोटभर रुंद, जुन्या गुळाच्या रंगाचे. नखाने टकटक केलं की शिंपलीसारखे वाजायचे. मला ते चामड्याचे वाटत. सातवी-आठवीत असताना मी तसं बोलून दाखवलं, तर दिव्याची वात वळत बसलेली आजी मान वर न करता म्हणाली, "ता चामडा न्हय गो. ता किड्याचा घर."

किड्याचं घर बंदुकीला कशाला बांधायचं, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. आजीनेही पुढे काही सांगितलं नाही. तिला वाटलं असणार, एवढं तर सगळ्यांना ठाऊकच असतं.

पुढे मी जीवशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले आणि मालवण तालुक्यातल्या एका हायस्कुलात शिकवायला लागले. एका दसऱ्याला बंदूक उतरवताना मधला पट्टा तडकला आणि त्याचे दोन तुकडे माझ्या हातात आले. ते मी पाकिटात घालून शाळेच्या प्रयोगशाळेत नेले. चामडं असतं तर आडवेतिडवे गुंतलेले तंतू दिसले असते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या त्या चपट्या, लांब, रेघारेघांच्या फिती, एकीवर एक रचलेल्या आणि कशाने तरी घट्ट चिकटवलेल्या. आजीचं बरोबर होतं. तो टसर रेशमाचा कोसा होता.

कित्येक वर्षांनी मुंबईला एशियाटिकच्या वाचनालयात एका जुन्या खंडात मला या पट्ट्याचा छापील दाखला सापडला. कर्नल विल्यम साईक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी 1824 ते 1831 या काळात दख्खनची आकडेवारी जमवत फिरत होता. माणसं, पिकं, पक्षी, मासे, हाती लागेल ते तो टिपून ठेवी. 1834मध्ये त्याचा दख्खनच्या रेशीमकिड्यावरचा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीने छापला. किड्याचं नाव त्याने कानाला ऐकू आलं तसं 'कोलिसुर्रा' असं लिहिलं आहे. हा किडा बोरीवर, ऐनावर वाढतो, असं तो सांगतो. इथले लोक त्याच्या कोसल्यातून धागा काढत नाहीत, याचं त्याला नवल वाटतं. लोक काय करतात, तर कोसा गोल गोल कातरून त्याची लांब पट्टी काढतात आणि तिने तोड्याच्या बंदुकीची नळी दस्त्याला बांधतात. आंब्याची साल एकसंध उतरवतात तशीच ही पट्टी निघत असणार. ओली असताना गुंडाळायची, वाळली की ती आपोआप आवळून बसते.

हे वाचून मला साईक्सपेक्षा आजीचंच जास्त नवल वाटलं. त्याच्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, जवळ एकही पुस्तक नसताना, ती तेच सांगत होती. आणि साईक्सला पडलेला प्रश्न मलाही पडला. ऐन आमच्या बांधाबांधावर, कोसे ऐनावर, मग आमच्या मुलखात रेशमाचा धंदा का झाला नाही?

रेशीम आमच्याकडे नव्हतं असं नाही. गणपतीची पूजा सांगायला येणाऱ्या भटजींचा मुकटा वळणीवर वेगळा वाळत असे. आम्ही पोरं त्याच्या खालून जायचं झालं तरी अंग चोरून जायचो. लग्नातला शालू असे, देवळात देवाचा पीतांबर असे. पण हे सगळं रेशीम बाहेरून आलेलं. कोकण किनाऱ्यावर रेशमाचं मोठं गाव होतं ते चौल, आणि तेही विणकामाचं, किडे पाळण्याचं नव्हे. सोळाव्या शतकात गोव्यात राहून गेलेला डच प्रवासी लिन्सखोटेन चौलच्या रेशमी कापडाचं कौतुक करतो आणि त्यासाठी लागणारं कच्चं रेशीम चीनमधून येतं हेही नोंदवतो. चीनचा धागा गलबतातून यायचा, चौलच्या मागावर चढायचा आणि कापड होऊन पुन्हा गलबतात चढायचा. ती गलबतं जिथून जायची त्या समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या डोंगरात ऐनावर कोसे लोंबत होते. त्यांना धागा म्हणून कोणी हात लावला नाही.

मला सापडलेलं कारण कवळाचं आहे.

कवळ हा शब्द आता आमच्या गावातल्या विशीतल्या पोरांना समजावून सांगावा लागतो. दिवाळी झाली, भात झोडून झालं की घरातला एक गडी कोयता कमरेला लावून ऐनावर, किंदळावर चढायचा. पानांसकट फांद्या छाटत छाटत शेंड्यापर्यंत जायचा आणि झाड खांबासारखं करून खाली उतरायचा. खाली बायका फांद्यांचे भारे बांधायच्या. ते कवळाचे भारे तरव्याच्या जमिनीत पसरायचे. त्यावर शेण, पातेरो आणि वर मातीचा पातळ थर. चैत्र-वैशाखात त्याला चूड लावायची. ही भाजावळ. राखेने माती भुसभुशीत होते, तणाचं बी जळतं आणि पहिल्या पावसात पेरलेला तरवा तरारून येतो. देशावरचे लोक हिलाच राब म्हणतात. भाजावळीशिवाय भात नाही, अशी आमच्या वडीलधाऱ्यांची खात्री होती. इंग्रजी सरकारने ठाणे-कुलाबा भागात जंगलं राखीव करून राबाच्या फांद्यांवर बंधनं घातली तेव्हा एवढा आरडाओरडा झाला की 1885मध्ये मुंबई इलाख्यात खास वन आयोग नेमावा लागला. आमच्या दक्षिण कोकणात जंगल बहुतेक मालकीचं. त्यामुळे ऐनाला कोयता लावताना कोणाला विचारायची गरज पडली नाही.

आता किड्याचं वेळापत्रक याच्या शेजारी ठेवून बघा. टसरचा पतंग पहिल्या पावसाबरोबर कोसल्यातून बाहेर पडतो. तळहात झाकून टाकील एवढा मोठा, आणि चारही पंखांवर अभ्रकाच्या चकतीसारखा एकेक पारदर्शक डोळा. त्याला तोंड असून नसल्यासारखंच, तो काहीही खात नाही. जे काय खायचं ते अळीने आधीच खाऊन ठेवलेलं असतं. मादी अंडी घालते, हिरवीगार अळी महिना-सव्वा महिना ऐनाची पानं चरते, हातभर फांदी नागडी करते आणि कोसा विणते. त्यातून दुसरी पिढी निघते. तिचे कोसे दिवाळीच्या सुमाराला तयार होतात आणि मग आतला जीव थेट पुढच्या पावसापर्यंत झोपून राहतो. कोसा वाऱ्याने पडू नये म्हणून अळी रेशमाचाच एक कडक देठ करते आणि त्याच्या टोकाला फांदीभोवती अंगठीसारखं कडं घालते. पान गळलं तरी कोसा गळत नाही.

म्हणजे कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत हा किडा ऐनाच्या फांदीला कड्याने बांधलेला असतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत आम्ही ती फांदी कापत होतो, वाळवत होतो आणि जाळत होतो.

आजीला शेवटच्या दिवसांत मी याबद्दल छेडलं होतं. तेव्हा तिने सांगितलं की तिच्या लहानपणी कवळाचे भारे सोडताना पोरं आधी कोसे वेचून घ्यायची. त्यात खडे घालून खुळखुळा करायचा. एखादा वडीलधारा माणूस बंदुकीसाठी, नाहीतर कोयत्याच्या मुठीसाठी दोन-चार मागून घ्यायचा. बाकीचे? "भाजावळीत," ती म्हणाली. "केस जळल्यासारखी घाण येय."

तर आमचा हिशोब असा होता. ऐनाच्या पानाला दोन गिऱ्हाईकं, भात आणि किडा. भाताने पान नेलं, आणि पानाबरोबर किडाही.

पण रेशीम पिकवायची हौस सरकारला गप्प बसू देईना. टसर हे जंगली, खरबरीत. त्यांना हवं होतं तुतीवरचं पांढरं, मऊ रेशीम. टिपू सुलतानाने बंगालमधून किडे आणवून म्हैसुरात जो धंदा सुरू केला तो रुजलेला दिसत होता, मग दख्खनमध्ये का नको? 1830च्या दशकात जुझेप्पे मुट्टी नावाच्या इटालियन गृहस्थाने पुण्याच्या परिसरात तुतीची लागवड करून रेशीम काढायचा घाट घातला आणि मुंबई सरकारने त्याला पाठबळ दिलं. झाडं लागली, लाटही आली, पण खर्चाचा मेळ बसला नाही आणि प्रकरण मिटलं. पुढे 1870च्या दशकात मेजर कुसमेकर या पुण्यातल्या अधिकाऱ्याने तुतीचा नाद न धरता टसरच पाळून पाहिला. त्याच्या खटपटीची दखल इंग्लंडमधल्या लीक गावच्या टॉमस वॉर्डलने घेतली. टसरला नीट रंग चढत नाही ही जुनी तक्रार, ती दूर करण्यात या वॉर्डलने उमेदीची वर्षं घातली. कुसमेकरचेही किडे पुण्यात व्हायचे, धंदा मात्र झाला नाही.

या सगळ्या मंडळींच्या वाटेत एकच अडचण उभी होती. किड्याला काय घालायचं, किती आणि कसं. रेशमाचा इतिहास पाहू गेलं तर तो किड्याच्या ताटाचा इतिहास आहे.

तुतीच्या किड्याची भूक मी स्वतः पाहिली आहे. अंड्यातून निघालेली अळी अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही हलकी. पंचवीस-सव्वीस दिवसांत ती चार वेळा कात टाकते आणि सुमारे दहा हजारपट वजनाची होते. या आयुष्यात ती जेवढं खाते त्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग शेवटच्या आठवड्यात, पाचव्या अवस्थेत. तेव्हा खोलीत उभं राहिलं तर कौलांवर बारीक पाऊस पडावा तसा पानं कुरतडल्याचा आवाज येतो. रेशमातलं जवळपास 70 टक्के प्रथिन थेट पानातल्या प्रथिनांतून येतं. शंभर अंडीपुंजांच्या किड्यांना साधारण हजार किलो पाला लागतो, त्यातून साठ-सत्तर किलो कोश निघतात, आणि चांगला एक कोश उलगडला तर हजार मीटरच्या आसपास अखंड धागा.

हजार किलोचे सत्तर किलो! हा हिशोब पाहिलेल्या प्रत्येक माणसाच्या मनात एकच विचार येतो: पानावर वरून काहीतरी घालावं, म्हणजे तेवढ्याच पाल्यात जास्त रेशीम मिळेल. हा विचार आजचा नाही. चीनच्या जुन्या शेतीग्रंथांत तुतीच्या पानांवर तांदळाचं, कडधान्याचं पीठ भुरभुरण्याचे सल्ले आहेत. विसाव्या शतकात जपानी लोकांनी तोच प्रश्न प्रयोगशाळेत नेला. किडा तुतीच का खातो, हे यासुजी हामामुरा यांनी उकलून दाखवलं. पानातली काही द्रव्यं त्याला वासाने बोलावतात, काही चावायला लावतात आणि काही गिळायला. वास आला पण चावण्याचं द्रव्य नसलं तर किडा नुसता घुटमळतो. हे कळल्यावर 1960च्या सुमाराला तिथे तुतीच्या पानाची पूड, सोयाबीनचं पीठ, साखर आणि जीवनसत्त्वं घालून थापलेलं कृत्रिम खाद्य तयार झालं. त्याच संशोधनातून कळलं की किड्याला 'ब' गटातली जीवनसत्त्वं लागतात, 'क' लागतं, आणि वनस्पतीतून मिळणारा स्टेरॉलही लागतो, कारण तो त्याला स्वतः बनवता येत नाही. हे सगळं ताज्या तुतीच्या पानात मुळातच असतं.

त्यानंतर भारतातल्या कॉलेजाकॉलेजांत किड्यांच्या टॉनिकांची रीघ लागली. पानावर सोया पीठ, मध, बी-कॉम्प्लेक्स, शेवाळाची पूड, नाना वनस्पतींचे अर्क. त्या निबंधांतलं बरंचसं वाचून माझं मत असं झालं आहे: पान निकस असेल तर वरच्या पुडीने फरक दिसतो. पान सकस असेल तर पुडीला करायला फारसं काही उरत नाही.

हे मत मला फुकट मिळालेलं नाही. 1994च्या जुलैमध्ये, नववीच्या मुलांना कीटकाचं जीवनचक्र डोळ्यांनी दाखवावं म्हणून, मी एक अंडीपुंज मागवला. शाळेच्या विहिरीकडेला तुतीची सात-आठ झुडपं होती. किडे निघाले, वाढले, मुलं मधल्या सुट्टीतही प्रयोगशाळा सोडेनात. तिसरी कात टाकल्यावर मला शास्त्र सुचलं. किड्यांचे दोन भाग केले. एका सुपात साधी पानं. दुसऱ्या सुपात पानांवर सोयाबीनचं पीठ आणि औषधाच्या दुकानातलं बी-कॉम्प्लेक्सचं सरबत. फळ्यावर तक्ता आखला, वजन घ्यायला सोनारकीचा काटा आणला.

पहिले तीन दिवस टॉनिकवाल्यांचा आकडा पुढे होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या दिवशी कर्लीच्या खाडीवरून जो पाऊस आला तो आठवडाभर हलला नाही. पानं पुसून पुसून घातली तरी ओलीच. खिडक्या मीच लावून घेतल्या होत्या, पाणी आत येतं म्हणून. पिठाला आंबूस वास सुटला. मग एका सकाळी सुपात पाहिलं तर किडे जागच्या जागी ताठ झालेले, अंगावर पांढरी भुकटी, हातात घेतले तर खडूच्या तुकड्यासारखे. टॉनिकच्या सुपातला एकही वाचला नाही. साध्या सुपातल्यांनी 63 कोश केले.

खडूसारख्या त्या रोगाला मस्करडाईन म्हणतात. बुरशीचा रोग. याच रोगावरून इटलीतल्या अगोस्तिनो बासी यांनी 1835मध्ये दाखवून दिलं की प्राण्याला होणारा रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाने होऊ शकतो. म्हणजे पाश्चरच्याही कितीतरी आधी. पाश्चर रेशीमकिड्यांच्या वाटेला गेले ते 1865मध्ये, पेब्रीन या किड्यांच्या रोगाच्या साथीने फ्रान्सचा धंदा बसला तेव्हा. हे सगळं मी मुलांना शिकवलं, कारण शिकवण्यासारखं हातात तेवढंच उरलं होतं. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा, मच्छीमाराचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नसे, म्हणाला, "बाईनू, तेंका टॉनिक नको होता. वारो व्हयो होतो."

सुकट वाळवणाऱ्या घरातला तो मुलगा. दमटपणा म्हणजे काय हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

निवृत्तीनंतर मी गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीकडे गेले. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे नोकरीला होता. त्याने रानात नेलं. सप्टेंबर संपत आला होता. ऐनाच्या एका राईत माणसं पहाऱ्याला बसली होती, हातात गलोल. फांद्यांवर बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या, आणि त्यांच्यावर टपलेले कावळे. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात टसर पाळतात ते प्रामुख्याने ढिवर लोक. ढिवर म्हणजे मासेमारी करणारे, माजी मालगुजारी तलावांत जाळी टाकणारे. मी त्यांना म्हटलं, मीही समुद्राकाठची, माझ्या गावातही जाळीच. मग बोलणं मोकळं झालं. तलावातली मासळी आणि झाडावरचा किडा, दोन्हीकडे राखणच करावी लागते, असं एक आजोबा म्हणाले.

त्यांना मी माझा ठरलेला प्रश्न विचारला. किडा जाड व्हावा म्हणून तुम्ही पानावर काही घालता का? आजोबा हसले. तीस फूट झाडावर काय घालणार? मग त्यांनी मला राईच्या कडेला नेलं आणि खुंटासारखी छाटलेली झाडं दाखवली. छातीएवढ्या उंचीवर कापलेली आणि वरून कोवळ्या पानांचा नुसता गुच्छ फुटलेला. मी पाहतच राहिले. हे तर आमचं कवळ! तोच ऐन, तोच कोयता. फरक एवढाच, की त्यांचा कोयता किड्याचं वेळापत्रक पाहून चालत होता. अळी अंड्यातून निघेल तेव्हा तिच्या तोंडाशी कोवळं, रसाळ पान यावं म्हणून आधी छाटणी. एका झाडाचा पाला संपत आला की अळ्यांसकट फांदी कापायची आणि भरल्या झाडावर नेऊन ठेवायची. त्यांचं टॉनिक ते हेच. रांचीला 1964पासून केंद्रीय टसर संशोधन संस्था आहे. तिच्या शास्त्रज्ञांचाही भर पुष्कळसा याच गोष्टींवर, म्हणजे झाडाची छाटणी, खत, निरोगी अंडी. कोसे मग राखेच्या नाहीतर सोड्याच्या पाण्यात उकळतात तेव्हा कुठे तो कडक डिंक सुटतो आणि धागा हाती येतो. भंडाऱ्याकडची करवतकाठी साडी अंगाला लावून पाहा, त्यात ऐनाच्या पानाचा मधासारखा रंग उतरलेला दिसेल.

ताटात काहीतरी घालून धागा बदलायचे प्रयोग थांबलेले नाहीत, आणि थांबूही नयेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी म्हैसूरच्या रेशीम संस्थेच्या साथीने किड्यांना रंग लावलेली पानं खाऊ घातली आणि किड्याने रंगीत कोश विणले. 2014च्या सुमाराला ते काम प्रसिद्ध झालं. सगळे रंग रेशमात उतरत नाहीत. रेणूचा स्वभाव पाण्याशी आणि तेलाशी कसा आहे यावर ते ठरतं, हे त्यातून कळलं. कापड रंगवताना नासणारं पाणी वाचवायचं, हा त्यामागचा हेतू. चीनमध्ये 2016मध्ये ग्राफीनचं पाणी फवारलेली पानं देऊन नेहमीपेक्षा मजबूत धागा मिळवल्याचं प्रसिद्ध झालं. किडा खातो ते पोटातच राहत नाही, त्याचा काही भाग धाग्यापर्यंत पोचतो, हे दोन्हीकडे दिसलं.

महाराष्ट्रात 1 सप्टेंबर 1997 रोजी रेशीम संचालनालय झालं, नागपूरला. तेव्हापासून मराठवाड्यात बीड, जालना भागात तुती चांगली पसरली. जालन्यात 2018पासून कोश खरेदीची बाजारपेठही आहे. पूर्वी कोश गाडीत घालून थेट कर्नाटकात रामनगरला न्यावे लागत. माझ्या भाचीच्या सासरी बीड जिल्ह्यात दोन एकर तुती आहे. तिच्या शेडमध्ये मी चार दिवस राहिले. चॉकीतून आणलेल्या बाल्यावस्थेतल्या अळ्या, फांद्यांसकट घातलेला पाला, कात टाकताना वरून चुना, शेवटी कोश विणायला चंद्रिकांवर चढणारे किडे. टॉनिक विकायला येणारे तिच्याही दारात येतात. एक औषध मात्र ती नेमाने वापरते, 'संपूर्णा' नावाचं. म्हैसूरच्याच संस्थेने काढलेलं. ते किड्याला जाड करत नाही. सगळे किडे एकाच वेळी पिकून चंद्रिकेवर चढावेत एवढंच त्याचं काम, म्हणजे मजुरी वाचते. बाकी तिचा सगळा जीव पाल्यात. तुतीला शेणखत किती, पाणी कधी, पाला सकाळच्या थंडाव्यात तोडला की उन्हात, ओल्या फडक्याखाली ठेवला की उघडा टाकला. "मावशी, पान चांगलं असलं ना, की किडा तक्रार करत नाही," ती म्हणाली. आणि शेडच्या दोन्ही बाजूंना जाळ्या लावलेल्या, वारा आरपार. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलाची मला आठवण झाली.

मागच्या पौषात मी गावच्या घरी होते. आमच्याकडे आता भाजावळ कोणी करत नाही. निम्मे कुणगे पडीक आहेत. जे लावतात ते युरिया आणतात आणि तरवा तसाच पेरतात. ऐनावर चढणारा गडी मुंबईला सुरक्षारक्षक आहे. तळ्याकडच्या बांधावरच्या ऐनाला बारा-पंधरा वर्षांत कोयता लागलेला नाही. लहानपणी मी त्याला खांबासारखाच पाहिला होता. आता त्याची सावली दोन कुणग्यांवर पडते.

पानगळ सुरू झाली होती. वर पाहिलं तर एका फांदीला काहीतरी लोंबत होतं. मला आधी वाटलं, वाळलेलं पान. पुतण्याला वर चढवलं. त्याने फांदी वाकवून दाखवली. कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, राखाडी-पिवळा, वर कडक देठ आणि देठाला कडं. जरा पुढे दुसरा. त्याच्याही पुढे आणखी तीन.

"काढू काय गो काकी?"

माजघरातल्या बंदुकीचा मधला पट्टा अजून तुटलेलाच आहे. तिथे मी सुतळी गुंडाळून ठेवली आहे. एक कोसा पुरला असता. पण आतला जीव पावसापर्यंत झोपलेला होता.

"आता नको," मी म्हटलं. "मिरगात बघूया. पाखरू गेला काय मगे काढ."